गिरण थांबवल्याबद्दल

"पाच मिनिटं, देवस्थळी. त्याच्या वर गेलात तर मी घंटा वाजवीन."

नाडगौडा वकील हे वाक्य दरवर्षी बोलत आणि दरवर्षी स्वतःच हसत. ते आमच्या वाचनालयाचे कार्यवाह होते. उन्हाळी व्याख्यानमालेच्या समारोपाचा रविवार होता आणि मी नेहमीप्रमाणे सकाळीच नावं विचारायला गेलो होतो.

"घ्या लिहून. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, मंडपवाले, माइकवाले, वार्ताहर मंडळी. आणि यंदा सगळ्यांच्या आधी नगराध्यक्ष रणनवरे साहेब. त्यांचे खास आभार."

"कशाबद्दल?"

"म्हणजे?"

"म्हणजे, त्यांनी काय दिलं यंदा? पाण्याचा टँकर, की खुर्च्या?"

"सहकार्य दिलं."

"कसलं?"

वकिलांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "अहो, सहकार्य म्हणजे सहकार्य. ते काय तागडीत घालून देतात? 'अमूल्य सहकार्याबद्दल आम्ही त्यांचे ऋणी आहोत' म्हणा आणि पुढच्या नावाला जा. नाहीतरी तुम्ही उभे राहिलात की लोक चपला शोधायला लागतात."

वर्तमानपत्रं चाळत बसलेले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. ते खोटं नव्हतं.

मी गावातल्या हायस्कुलात मराठी शिकवत असे. वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकाच्या पलीकडे जात नसे, अशी माझी ख्याती होती. प्रास्ताविक करायला, पाहुण्यांचा परिचय करून द्यायला गावात माणसांची रांग असे. आभारप्रदर्शन मात्र कोणालाच नको असे. ते एकदा माझ्याकडे आलं आणि राहिलं. मला वाटतं, मीही ते सोडायला तयार नव्हतो. एकेकट्या माणसाशी समोरासमोर बोलायचं म्हणजे माझी जीभ टाळ्याला चिकटे. पण चार ओळी लिहून, कागद धरून उभं राहणं तेवढं जमे.

आणि त्या चार ओळी मी जिवापाड लिहीत असे. 'अमूल्य सहकार्य' हा शब्द मी कधी वापरला नाही. कोणी नेमकं काय केलं ते मी शोधून काढी. कोपऱ्यावरचा रसवंतीवाला व्याख्यान सुरू झालं की चरकाच्या घुंगरांना फडकं बांधून ठेवी. संध्याकाळच्या मुक्कामी एसटीचा ड्रायव्हर वाचनालयाच्या वळणावर हॉर्न न देता गाडी वळवी. बशीर बागवान फळांची रिकामी खोकी देत, त्यांच्यावर फळ्या टाकून आमचं व्यासपीठ व्हायचं. पाहुणे वर चढले की आंब्याचा वास येई. आणि आवाराच्या भिंतीला लागून असलेल्या पत्र्याच्या खोलीत शेवंताकाकू चौगुल्यांची पिठाची गिरण होती. संध्याकाळ म्हणजे दळणाची खरी वेळ. पण व्याख्यान सुरू झालं की काकू गिरण बंद ठेवत. त्यांना तसं कोणी सांगितलेलं नव्हतं. वकिलांनी दिलेल्या नावांच्या शेवटी ही नावं मी माझ्या मनाने जोडत असे.

तर रणनवरे. त्यांनी काय दिलं हे कळल्याशिवाय माझी लेखणी चालेना. म्हणून मी सरळ त्यांच्या घरी गेलो. आज मागे वळून पाहताना वाटतं, एवढा बावळटपणा गावात दुसऱ्या कोणी केला नसता.

साहेब ओसरीवर बसले होते आणि न्हावी त्यांची दाढी करत होता. अर्ध्या तोंडाला फेस.

"या मास्तर, या. चहा टाका गं मास्तरांना. काय काम काढलंत?"

मी चाचरत विचारलं. साहेब इतके हसले की न्हाव्याला वस्तरा उचलून धरावा लागला.

"आभार मानायच्या आधी चौकशीला आलेला माणूस जन्मात पहिल्यांदा बघतोय!"

"नेमकं बोललेलं बरं असतं," मी म्हणालो.

"मग नेमकंच सांगतो. वाचनालयाच्या आवारात नगरपालिका व्यापारी संकुल बांधतेय. तीन मजली. खाली गाळे, मधे ऑफिसं, वर वाचनालयाला हॉल. पंखे-बिंखे सगळं. तुमच्या कमिटीची संमती आलीय."

"आवारात म्हणजे... कुठे?"

"आवारात म्हणजे आवारात. ती जुनी इमारत, पुढचं मोकळं अंगण, ती गिरणीची खोली, सगळं मिळून जागा होतेय. हाल नव्हेत का तुमचे? वाऱ्या-वावटळीत उघड्यावर व्याख्यानं देता."

"सभासदांना माहीत आहे का हे?"

"नोटीस लावलीय की. पालिकेच्या फळ्यावर. महिना होत आला. कायद्यानं हरकती मागवाव्या लागतात, मागवल्या. उद्या संध्याकाळी मुदत संपतेय. एक हरकत नाही मास्तर. एक! गावाला पसंत आहे."

"तो फळा जिन्याखाली आहे," मी म्हणालो. एवढं बोलायलाही मला बळ आणावं लागलं.

"मग? उघड्यावर लावला तर कागद खराब होतात." साहेबांनी दुसरा गाल न्हाव्याकडे केला. "चहा घ्या. निवतोय."

मी चहा घेतला. घेतला हे खरं आहे. नको म्हणता आलं नाही.

परत येताना नाडगौडा अंगणात भेटले. मंडपाचे खांब उभे राहत होते. मी विचारलं, "संकुलाचं खरं आहे?"

त्यांचा चेहरा जरासा उतरला; पण जरासाच. "कोण बोललं?"

"साहेबच."

"मग झालं तर. हे बघा देवस्थळी, भिंतींना ओल आलीय, अनुदान वेळेवर येत नाही. आयता हॉल मिळतोय."

"सभासदांना विचारायला हवं होतं."

"विचारलं की शंभर तोंडं शंभर बाजूला. सोन्यासारखं काम अडून बसलं असतं."

"आणि गिरण?"

"त्यांना गाळा मिळेल. अनामत भरली तर." मग ते माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आज तुम्ही त्यांचे आभार मानायचे ते एवढ्यासाठीच. मी मानले तर लोक म्हणतील वकिलाचं काहीतरी साटंलोटं आहे. तुम्ही मानलेत तर तो शिष्टाचार."

दुपारी गिरण बंद होती. शेवंताकाकू वरचा दगड उतरवून त्याला टाकी लावत बसल्या होत्या. भुवयांवर, पापण्यांवर पीठ. मी दारात घुटमळलो.

"दळाण घिऊन या संध्याकाळी, मास्तर. आता दगूड उघडा हाय."

"दळण नाही काकू. दुसरंच आहे."

मी सांगितलं. कसं सांगितलं देव जाणे. त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

"माझी खोली बी?"

"ती पण."

"भाडं तर मी वाचनालयाला देती. मला कसं कुनी इचारलं न्हाई?"

"कोणालाच विचारलेलं नाही."

"किती जनास्नी ठावं हाय ह्ये?"

"कमिटीला. आणि आता आपल्या दोघांना."

"मग मास्तर, आज सांजंला सगळं गाव हितंच गोळा हुतंय न्हवं? माइकवर सांगा. उद्या दिवस हाय हातात. पन्नास मानसं जरी कचेरीत जाऊन हुबी ऱ्हायली, तरी ईट हलायची न्हाई."

"मी... मला भाषण जमत नाही."

"भाषान कुटं म्हनती मी? सांगा म्हनती. मी हुबी ऱ्हायले तर म्हनतील, आदी पीठ झटकून ये. तुमी शिकलेली मानसं. तुमाला कोन गप बस म्हननार?"

मी मान हलवली.

"मान नगा हलवू. बोलनार का?"

"बोलेन."

"बगा हां. मी हितनं ऐकती."

घरी आलो आणि कागद घेऊन बसलो. मी लिहीत होतो, खोडत होतो. हिने दोनदा डोकावून पाहिलं आणि म्हणाली, "आभारच मानायचेत ना? की मुलीला मागणी घालायचीय?" मी तिलाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कदाचित धीर गळाला असता.

संध्याकाळी अंगण भरलं. पुढे खुर्च्या, मागे सतरंज्या, भिंतीवर पाय सोडून बसलेली कॉलेजची मुलं. पाहुणे शहरातले प्राध्यापक होते, विषय वाचनसंस्कृती. आमच्या छोट्या गावातलं हे वाचनालय पाहून आपल्याला कसं भरून आलं, हे त्यांनी सांगितलं. रणनवरे साहेब त्यांच्या आधीच बोलले होते. संकुलाचं अक्षर नाही. "वाचनालयाला लवकरच चांगले दिवस येणार आहेत," एवढंच म्हणाले आणि टाळ्या घेतल्या.

भिंतीपलीकडे गिरण बंद होती. रसवंतीचे घुंगरू मुके होते. इतकी शांतता की प्राध्यापकांनी घोट घेतलेला पाण्याचा पेला खाली ठेवला, तो आवाजही मागेपर्यंत गेला. मला भीती वाटत होती. पण त्या शांततेचा आधारही वाटत होता. या शांततेत माझ्यासारख्याचा आवाजही पोहोचेल, असं वाटलं.

प्राध्यापकांचं भाषण संपलं. कडकडून टाळी पडली. टाळ्या चालू असतानाच नाडगौडांनी सांगितलं, "आता श्री. देवस्थळी आभार मानतील," आणि माझ्याकडे बघून पाच बोटं दाखवली.

मी कागद उलगडला. तोंड उघडलं. आणि भिंतीपलीकडे गिरण सुरू झाली.

माझं आभारप्रदर्शन दरवर्षी गिरणीच्या साथीनेच होई. पाहुण्यांना टाळी पडली की काकू बटण दाबत. लोकांची दळणं खोळंबलेली असत. त्यात कोणाला काही गैर वाटत नसे, मलाही नाही. पण त्या दिवशी गिरण थांबेल असं मी गृहीत धरून चाललो होतो. मी बोलणार, हे काकूंना ठाऊक होतं. मी क्षणभर थांबलो. आता बंद होईल, मग बंद होईल. नाडगौडांनी खुणेने म्हटलं, चला.

मी वाचायला लागलो. रसवंतीवाल्याचे आभार मानले. ड्रायव्हरचे, बागवानांचे मानले. काकूंचे मानले. मग लिहिलेलं होतं ते वाचलं, की ही सगळी माणसं या अंगणाच्या आसऱ्याने इथे आहेत, आणि हे अंगण उद्यानंतर राहणार नाही. नोटीस जिन्याखाली आहे. हरकत द्यायला उद्याचा एकच दिवस आहे. नगराध्यक्षांचे आभार मानायला मला सांगितलं आहे. पण ते मी मानू शकत नाही, कारण त्यांनी आपल्याला न विचारता आपलं अंगण घेतलं आहे.

हे मी माइकवर बोललो. अंगणात त्या वेळी खुर्च्या मिटल्या जात होत्या. माइकवाल्याने बाहेरचा कर्णा उतरवायला घेतला होता. त्याला रात्री लग्नाच्या वरातीला जायचं होतं. बायका मुलांना हाका मारत होत्या. गिरण पत्र्यासकट थडथडत होती. मी आवाज चढवला, तो चिरकला. पुढच्या रांगेतले निवृत्त मामलेदार माझ्याकडे बघून प्रेमाने हसले आणि पाहुण्यांची सही घ्यायला उठले.

एका माणसाने मात्र सगळं ऐकलं. रणनवरे साहेब माझ्यापासून हातभर अंतरावर बसले होते. माझ्या तोंडून त्यांचं नाव आलं तसे ते उभे राहिले आणि दोन्ही हात जोडून त्यांनी गावाला नमस्कार केला. सत्कार स्वीकारताना करतात तसा, वाकून. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वार्ताहराने फोटो काढला. नाडगौडांनी घंटा वाजवली.

खाली उतरताना साहेबांनी माझा हात हातात घेतला. चेहऱ्यावर राग असा नव्हताच. "छान लिहिता हो मास्तर," ते म्हणाले. "कुठंतरी छापायला द्या."

सोमवारी सकाळी मी शाळेत रजा टाकली आणि ओळखीची दारं वाजवायला निघालो. जे मला आयुष्यात कधी जमलं नव्हतं ते करायला. पहिलंच घर मामलेदारांचं. ते वर्तमानपत्र वाचत बसले होते. त्यांनी मला ते उलटं करून दाखवलं. फोटोत साहेब हात जोडून उभे आणि बाजूला मी, हातात कागद, तोंड उघडं. खाली नगराध्यक्षांच्या पुढाकाराने होणाऱ्या नव्या वास्तूची बातमी आणि शेवटी, श्री. देवस्थळी यांनी आभार मानले. बातमी नाडगौडांनी समारंभाच्या आधीच लिहून पाठवली होती, हे मला पुढे कळलं.

"आता तुम्हीच सांगता हरकत घ्या?" मामलेदार म्हणाले. "काल भर सभेत आभार मानलेत, आम्ही टाळ्या वाजवल्या."

"मी आभार मानले नाहीत."

"मग काय केलंत?"

मी सांगितलं. ते माझ्याकडे कीव आल्यासारखे बघत राहिले. "उन्हाचे दिवस आहेत," म्हणाले. "टोपी घालून फिरत जा."

दुसऱ्या घरी असंच झालं. तिसऱ्या घराच्या फाटकापाशी मी उभा राहिलो आणि परत फिरलो. कचेरी बंद व्हायच्या आत मी एकट्याने माझी हरकत नेऊन दिली. ती मुदतीत आली होती. तिचा विचार करण्यात आला, असं दोन महिन्यांनी मला कळवण्यात आलं.

संकुल झालं. आता तेही जुनं झालंय. वरच्या हॉलमध्ये व्याख्यानं होतात. पंखे आहेत, खिडक्या लावल्या की बाहेरचा आवाज आत येत नाही, त्यामुळे बाहेरच्या कोणाला काही थांबवावं लागत नाही. काकूंना गाळा परवडला नाही. त्या इचलकरंजीला मुलीकडे गेल्या. त्यांच्या जाण्याआधी आमची जी एकदोनदा गाठ पडली त्यात इकडचं तिकडचंच बोलणं झालं. जे काय बोलायचं होतं ते त्या सोमवारी संध्याकाळीच बोलून झालं होतं.

कचेरीतून मी थेट गिरणीवर गेलो. काकू पिठाचा डबा भरत होत्या. मी दिसलो तरी मान वर केली नाही. डबा भरून झाला, झाकण बसवलं, बाई डबा घेऊन गेली. मग गिरण बंद करून म्हणाल्या, "तुमी बोलला न्हाईसा."

"बोललो, काकू."

"कशाला खोटं बोलताय मास्तर? मी हितं बसून ऱ्हायले. त्यो साहेब बोलला. त्यो पाव्हना घसा बसस्तोवर बोलला. तुमचा आवाज काय आला न्हाई. टाळी पडली. मी म्हनलं, संपलं. शिकलेला मानूस भ्याला. असा राग आला मला! बटान दाबलं आन् दळाय बसले."

"माझं त्याच्यानंतर असतं."

"काय असतं?"

"आभार."

"टाळीनंतर?"

"हो. सगळ्यात शेवटी."

काकू माझ्याकडे वळल्या. "टाळीनंतर बी कायतरी असतंय, ह्ये मला ठावंच न्हाई," त्या म्हणाल्या. "पाव्हन्याची टाळी पडली की मी गिरन चालू करती. पयल्यापास्नं."

"माहीत आहे मला."

"काय बोललासा?"

कागद खिशात होता. मी तो काढला आणि त्यांना वाचून दाखवला. गिरण बंद होती, समोर एकच माणूस होतं, आणि माझा आवाज अजिबात कापला नाही. वाचता वाचता मी त्या ओळीवर आलो. आणि श्रीमती शेवंताबाई चौगुले, ज्या ऐन दळणाच्या वेळी आपलं नुकसान सोसून रोज गिरण थांबवतात, म्हणून आपल्याला इथे शब्द ऐकू येतात.

"थांबा," काकू म्हणाल्या. "ह्ये कशाला घातलंसा?"

"ते दरवर्षीच असतं."

"दरवर्षी? माजं नाव?"

"हो."

"माइकवर?"

"हो. पहिल्या वर्षापासून."

त्यांनी पदराने तोंड पुसलं. पीठ आणखीनच पसरलं. मग त्या हसल्या. ते हसू बघवत नव्हतं.

"मला वाटायचं, कुनाच्या ध्यानातबी न्हाई," त्या म्हणाल्या. "गिऱ्हाईक दुसऱ्या गिरनीला जायचं. दोन सालामागं मी पक्कं ठरीवलं हुतं, बास झालं, आता काय थांबवायची न्हाई. कोन इचारतंय आपल्याला? पन त्यो पाव्हना बोलाय लागला आन् माजा हात काय बटनावर जाईना. तवा जरी कुनी म्हनलं असतं..."

 त्या हाताने दगडावरचं पीठ सारखं करायला लागल्या.

"मास्तर," त्या शेवटी म्हणाल्या, "मी भिंतीपल्याडच तर हुते. हितं येऊन सांगायचं हुतंसा."

दारात कोणीतरी गव्हाचा डबा घेऊन उभं राहिलं. काकूंनी तो घेतला, गहू वर ओतले आणि बटण दाबलं.